चालत्या यंत्राची स्मृती
औंढ्याच्या माळावरून दिसणारा, न थांबता बदलण्याचा एक इतिहास

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाची ओळख आजवर दोन गोष्टींनी होत आली. पहिली ओळख ज्योतिर्लिंगाची आणि त्याच्याभोवती उभ्या असलेल्या यादवकालीन, हेमाडपंती शिल्पवैभवाची. दुसरी नामदेवांची. विसोबा खेचरांची आणि त्यांची भेट परंपरा याच देवळात सांगते, आणि नामदेवांचे नरसी गावही याच जिल्ह्यात आहे. गेल्या दहा वर्षांत या गावाला तिसरी ओळख मिळते आहे. औंढ्याजवळच्या दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, म्हणजे लायगो-इंडिया, उभी राहते आहे. जगभरच्या काही शोधनिबंधांत आता 'लायगो-औंढा' असा उल्लेख येऊ लागला आहे. हॅनफर्ड, लिव्हिंग्स्टन आणि औंढा ही नावे एका ओळीत छापली जातात, ही मराठवाड्याच्या इतिहासातली लहान घटना नव्हे.

या वेधशाळेविषयी मराठीत बरेच लिहून झाले आहे. लेसर, आरसे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि आइन्स्टाइन यांची माहिती वाचकांना आहे. हा लेख तिच्या एका दुर्लक्षित अंगाविषयी आहे. अशी वेधशाळा जे ऐकते ते कुठे लिहून ठेवते, आणि लिहिण्याची वही भरली किंवा फाटली तर ऐकणे न थांबवता ती बदलते कशी? संगणकाच्या भाषेत या कृतीला 'हॉट-स्वॅप' म्हणतात. वीज चालू असताना, यंत्र काम करत असताना त्याची स्मृती काढायची आणि दुसरी बसवायची. आज ही सोय तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओच्या डेस्कटॉपमध्येही करून घेता येते. पण ती तिथवर पोहोचायला साठ वर्षे लागली, आणि त्या साठ वर्षांच्या कथेत आपल्या जपणुकीच्या सवयींविषयीही काही सापडते.

माळावरची वेधशाळा

आधी थोडा तपशील. भारतातल्या गुरुत्वीय लहरींच्या अभ्यासकांचा 'इंडिगो' हा गट २००९ साली स्थापन झाला. त्याच्या मागे पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे दोन दशकांचे काम होते. गोंगाटात बुडालेला संकेत आधी गणिताने तयार केलेल्या नमुन्याशी ताडून कसा ओळखायचा, याविषयी धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली लिहिलेला शोधनिबंध या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. अमेरिकेत हॅनफर्डला एकाच जागी दोन यंत्रे बसवायचा मूळ बेत होता. त्यातले एक दूरच्या देशात नेले तर लहरींची दिशा अधिक नेमकी कळेल, असा विचार पुढे आला. ऑस्ट्रेलियाला विचारणा झाली, पण ती जुळली नाही. मग भारताचा विचार सुरू झाला.

१७ फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली. पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली, सुमारे २,६०० कोटी रुपयांची. ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा अशा चार संस्थांवर या कामाचा भार आहे. जागा निवडताना जमिनीची शांतता हा मोठा निकष होता.

एका क्षणासाठी सोळा दिवस

१४ सप्टेंबर २०१५. भारतात दुपारचे ३ वाजून २० मिनिटे झाली होती. लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात एक थरथर उमटली आणि सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी तशीच थरथर हॅनफर्डला उमटली. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्याची ती खूण होती. संकेत एका सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतका टिकला. घटना घडली होती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी.

वेधशाळेचे अधिकृत निरीक्षण त्या दिवशी सुरू झालेले नव्हते. चाचणीचा काळ चालू होता. पण यंत्र चालू होते आणि जे येत होते ते डिस्कवर लिहिले जात होते. १३० कोटी वर्षे प्रवास करून आलेली लहर पुन्हा येत नाही. त्या घटकेला लिहिणारा संगणक डिस्क बदलण्यासाठी बंद केलेला असता, तर त्या वर्षीचा शोध हातचा गेला असता.

या शोधाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. तो पंचमांश सेकंद एकटा काहीच सिद्ध करत नव्हता. थरथर खरी की योगायोगाची, हे ठरवण्यासाठी संशोधकांनी पुढचे काही आठवडे यंत्राची मांडणी जशीच्या तशी ठेवली आणि दोन्ही यंत्रे एकाच वेळी नीट चालत होती असा सोळा दिवसांचा संकेत गोळा केला. मग एका यंत्राचा संकेत दुसऱ्याच्या तुलनेत मागेपुढे सरकवून लाखो वर्षांइतक्या काल्पनिक निरीक्षणाची मोजणी केली. असा योगायोग २,०३,००० वर्षांत एकदाही अपेक्षित नाही, असे उत्तर आले. म्हणजे ज्या सोळा दिवसांत बहुतेक काळ काहीच घडले नाही, त्या दिवसांच्या नोंदीमुळे त्या एका क्षणाला वजन आले. इतिहासाच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. लढाईचे एक पत्र खरे की खोटे, हे ठरते ते रोजकीर्दीच्या आणि हिशेबाच्या शेकडो नीरस कागदांवरून.

याच क्षेत्रात उलटे उदाहरणही आहे. अमेरिकेतले जोसेफ वेबर यांनी १९६९ साली ॲल्युमिनियमच्या मोठ्या दंडगोलांच्या साहाय्याने गुरुत्वीय लहरी पकडल्याचा दावा केला. पुढे दुसऱ्या एका गटाच्या चुंबकीय टेपशी आपली टेप ताडून त्यांनी दोन्हींत एकाच वेळी उमटलेले ठोकेही दाखवले. मग लक्षात आले की एका टेपवर स्थानिक वेळ होती आणि दुसरीवर ग्रिनिचची. चार तासांच्या अंतरावरच्या घटना जुळल्या होत्या. टेप सुरक्षित होती आणि संकेतही सुरक्षित होता, फक्त टेपेवरच्या वेळेचा अर्थ हरवला होता. म्हणून आजच्या लायगोच्या प्रत्येक फाइलच्या नावातच ती कोणत्या वेधशाळेची, कोणत्या सेकंदाला सुरू झाली आणि किती सेकंदांची आहे, हे लिहिलेले असते.

किती लिहायचे?

मुख्य संकेत सेकंदाला १६,३८४ वेळा मोजला जातो. प्रत्येक मोजमापाला आठ बाइट धरले तर दिवसाचे सुमारे ११.३ गिगाबाइट होतात आणि वर्षाचे जेमतेम चार टेराबाइट. म्हणजे एका वेधशाळेचे एका वर्षाचे ऐकणे आज शर्टाच्या खिशात मावणाऱ्या एका एसएसडीवर बसेल.

पण तेवढे लिहून भागत नाही. आरशांची हालचाल, जमिनीचा कंप, वाऱ्याचा वेग, वीजपुरवठ्यातले चढउतार, खोलीतला आवाज अशा दोन लाखांहून अधिक बाबींची सोबत नोंद होते. त्यामुळे लायगोचे भांडार वर्षाला सुमारे ८०० टेराबाइटने वाढते, असे वेधशाळा सांगते. या सोबतच्या नोंदींचे महत्त्व हॅनफर्डच्या डोमकावळ्यांनी दाखवून दिले. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या संकेतात अधूनमधून विचित्र ठोके दिसू लागले. मायक्रोफोनच्या नोंदी तपासल्या तेव्हा ठोक्यांच्या वेळी चोचीचे टकटक आवाज सापडले. द्रव नायट्रोजनच्या नळीवर साठलेला बर्फ तहानलेले डोमकावळे टोचत होते. मायक्रोफोनची नोंद 'अनावश्यक' म्हणून पुसली असती, तर ते ठोके कोडेच राहिले असते.

औंढ्याला डोमकावळे नसले तरी कारणांना तोटा नाही. २१ मार्च २०२४ च्या पहाटे हिंगोली परिसराला ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला. शेतातल्या मोटारी, रस्त्यावरचे उसाचे ट्रक आणि वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण यांपैकी जे जे आरशापर्यंत पोहोचेल ते ते लिहून ठेवावे लागेल, म्हणजे ते संकेतातून वजा करता येईल.

डिस्क उचलण्याची विद्या

न थांबता लिहायचे तर वही बदलता आली पाहिजे. ही गरज संगणकाच्या जन्मापासूनची आहे. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या डिस्क यंत्रात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनभर, आणि मावत होती पन्नास लाख अक्षरे. ती डिस्क जागची हलत नव्हती. १९६२ साली त्याच कंपनीने तबकड्यांचा सुटा संच आणला. साडेचार किलोंचा तो संच केक झाकून ठेवावा तशा झाकणातून उचलून नेता येई. तबकड्या थांबवाव्या लागत, पण बाकीचा संगणक चालू राही. कारकुनाने एक वही बाजूला ठेवून दुसरी उघडावी तसे हे काम होते.

पुढचे पाऊल बँकांच्या गरजेतून पडले. १९७४ साली स्थापन झालेल्या टँडम या कंपनीने प्रत्येक महत्त्वाचा भाग जोडीने असलेला संगणक बनवला. जोडीतला एक बिघडला तर दुसरा काम ओढतो आणि बिघडलेला भाग यंत्र चालू असतानाच बदलायचा. इथे 'बदलणे' आणि 'न थांबणे' एकत्र आले. मात्र ही चैन बँकांना आणि शेअर बाजारांनाच परवडणारी होती.

स्वस्ताईचा मार्ग १९८८ मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी दाखवला. त्यांचा प्रश्न साध्या हिशेबाचा होता. एक महागडी डिस्क घेण्याऐवजी शंभर स्वस्त डिस्क जोडल्या तर? एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असे धरले, तर शंभरांपैकी एखादी सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, बिघडणार. गर्दी वाढली की मृत्यू रोजचा होतो. त्यावर त्यांनी सुचवलेल्या उपायांपैकी एकाचे मर्म असे: तीन डिस्कवर ५, ८ आणि ४ असे आकडे असतील तर चौथीवर त्यांची बेरीज १७ लिहून ठेवा. ८ ची डिस्क गेली तर १७ मधून ५ आणि ४ वजा करून ८ परत मिळतात. प्रत्यक्षातले गणित याहून वेगळे आहे, पण तत्त्व हेच.

मराठी दप्तरांत वावरलेल्यांना हे तत्त्व नवे नाही. आपल्या जुन्या पत्रांची रीत अशी की उत्तर लिहिणारा आधी आलेल्या पत्राचा मजकूर थोडक्यात पुन्हा सांगतो: तुम्ही पत्र पाठविले ते पावले, त्यात अमुक लिहिले, ऐशास आमचे उत्तर असे. त्यामुळे मूळ पत्र गहाळ झाले तरी उत्तरावरून त्यातला मजकूर उभा करता येतो. मराठ्यांच्या इतिहासातल्या कितीतरी हरवलेल्या पत्रांचा पत्ता असाच लागला आहे. लिहिणाऱ्यांनी ही रीत गैरसमज टाळायला पाळली असेल, पण तिने दप्तरांना नकळत एक विमा दिला.

लांब पिन, आखूड पिन

डिस्क बदलता येण्यासाठी गणित पुरेसे नव्हते, सुतारकीही हवी होती. चालू विजेत धातूला धातू भिडला की ठिणगी उडते आणि क्षणभर मोठा प्रवाह धावतो. त्याने नवी डिस्कच काय, शेजारच्याही डिस्क अडखळू शकतात. नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या डेस्कटॉपमध्ये चपट्या रुंद पट्टीची आयडीई केबल असे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जुळवणाऱ्या पिढीला ती पट्टी आणि डिस्कला 'मास्टर' की 'स्लेव्ह' ठरवणारी बारीक टोपी आठवत असेल. ती पट्टी चालू यंत्रात ओढणे म्हणजे डिस्क गमावणे.

२००३ मध्ये आलेल्या साटा मानकाने हे चित्र बदलले. त्याची युक्ती डोळ्यांना दिसते. साटा डिस्कच्या मागे वीजजोडणीच्या पंधरा पट्ट्या असतात आणि त्या सगळ्या सारख्या लांबीच्या नसतात. काही मिलिमीटरच्या अंशाने लांब असतात. हाताने डिस्क आत सरकवताना सर्वांत आधी जमिनीशी जोडणाऱ्या पट्ट्या भिडतात. मग मर्यादित प्रवाह देणाऱ्या भिडतात आणि डिस्क हळूहळू भरून घेते. शेवटी पूर्ण वीज मिळते. काढताना क्रम उलटा. माणसाचा हात कितीही वेगाने सरकवू दे, विजेच्या मानाने तो फार सावकाश असतो. त्या सावकाशपणाचा फायदा घेण्यासाठी पट्ट्यांच्या लांबीत फरक ठेवला आहे. अशी युक्ती सर्व्हरच्या डिस्कमध्ये आधीपासून होती, साटाने ती सामान्य माणसाच्या टेबलावर आणली.

आज डेस्कटॉपमध्ये ही सोय करून घ्यायची तर खर्च फार नाही, शिस्त मात्र लागते. पूर्वी सीडी ड्राइव्ह बसे त्या खणात एसएसडीचे ट्रे असलेला पिंजरा बसतो. पिंजऱ्याच्या मागच्या पाटीला वीज आणि साटा केबल जोडायच्या. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये साटाची पद्धत एएचसीआय असली पाहिजे. ही पद्धत २००४ ची, आणि डिस्क आली-गेली हे ओळखण्याची क्षमता तिच्यात आहे. जुन्या आयडीईची नक्कल करणारी पद्धत निवडलेली असेल तर बाकी सगळे व्यर्थ. अनेक बोर्डांवर प्रत्येक जोडणीसाठी 'हॉट प्लग' ही सोय वेगळी चालू करावी लागते, आणि बहुतेकांचे अडते ते इथेच. ज्या डिस्कवर विंडोज किंवा लिनक्स स्वतः चालते ती या पिंजऱ्यात ठेवून चालत नाही. बसल्या फांदीवर कुऱ्हाड कशाला?

एक सावधगिरी नव्या काळाची. मदरबोर्डवर आडवी बसणारी, च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम-डॉट-टू एसएसडी वेगवान असते, पण तिची जोडणी चालू यंत्रात काढण्यासाठी बनवलेलीच नाही. तो वेग आणि ही सोय दोन्ही हवे असतील तर सर्व्हरमध्ये वापरली जाणारी यू-डॉट-टू जातीची जोडणी आणि तिला पेलणारा बोर्ड लागतो. सामान्य कामाला साटा पुरते.

ट्रे ओढण्याआधी संगणकाला सांगणे मात्र कोणत्याही जोडणीत चुकत नाही. फाइल 'सेव्ह झाली' असे पडद्यावर दिसते तेव्हा ती अनेकदा वाटेतच, तात्पुरत्या स्मृतीत असते. यंत्राला 'ही डिस्क सोड' असे सांगितले की ते हातातले लिहिणे पुरे करते. न सांगता ओढली तर लांब-आखूड पिना डिस्क वाचवतील, पण मजकूर वाचेलच असे नाही.

न फिरणारी तबकडी

आता एसएसडीविषयी. वीज गेल्यावरही विद्युतभार अडकवून ठेवणारा ट्रान्झिस्टर १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत कांग आणि झी यांनी मांडला. त्यावरून 'फ्लॅश' स्मृती तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी घडवली आणि १९८४ मध्ये जगापुढे ठेवली. १९९१ साली सनडिस्क कंपनीने, म्हणजे पुढच्या सॅनडिस्कने, आयबीएमला दिलेली एसएसडी २० मेगाबाइटची होती आणि तिची किंमत सुमारे हजार डॉलर. आज मोबाइलवरचे चार-पाच फोटो तिला भरून टाकतील.

एसएसडीत फिरणारे काही नसते, आणि काही जागी हा गुण निर्णायक ठरतो. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणारी साधी हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. गुरुत्वीय लहरींची वेधशाळा साधारण १० हर्ट्झपासून काही हजार हर्ट्झपर्यंत ऐकते. म्हणजे डिस्कची घरघर नेमकी ऐकण्याच्या पट्ट्यात येते. अशा जागी गोंगाट करणारी यंत्रे आरशांपासून दूर ठेवावी लागतात. हार्ड डिस्कलाही आवाजाचा त्रास होतोच. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टम्सच्या एका अभियंत्याने चालू डिस्कसमोर जोरात ओरडून त्यांची गती मंदावते हे व्हिडिओवर दाखवले होते.

मात्र एसएसडीचा अवगुणही जाणून घ्यायला हवा. तिची स्मृती अडकवलेल्या विद्युतभाराची आहे आणि तो भार हळूहळू गळतो, उष्णतेत अधिक. उद्योगाच्या मानकानुसार पुरेपूर वापरून झालेली साधी एसएसडी विजेविना ३० अंश तापमानात एक वर्ष मजकूर राखते, आणि सर्व्हरसाठीची एसएसडी ४० अंशांत तीन महिने राखते, एवढीच अपेक्षा धरलेली आहे. नवी डिस्क याहून खूप जास्त टिकते, पण मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात ठेवलेल्या जुन्या एसएसडीवर लग्नाच्या चित्रफिती 'कायमच्या' ठेवल्या, असे कुणी समजू नये. हार्ड डिस्क जाताना बहुधा कुरकुरते, तर एसएसडी अनेकदा अचानक गप्प होते.

बत्तीस हजार सातशे अडुसष्ट तास

हॉट-स्वॅपवर फार विसंबू नये याचे उदाहरण २०१९ सालचे आहे. नोव्हेंबरमध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइजने जाहीर केले की काही एसएसडींमधल्या अंतर्गत आज्ञावलीत दोष आहे. बरोबर ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यावर त्या बंद पडतील आणि मजकूरही परत मिळणार नाही. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. तास मोजणाऱ्या आकड्याची जागा तेवढीच होती.

आता कल्पना करा. एका सर्व्हरमध्ये अशा आठ डिस्क एकाच दिवशी बसवल्या आहेत. एक गेली तर बाकीच्यांवरून ती उभी करायची सोय आहे, आणि नवी बसवायचा ट्रेही तयार आहे. पण आठही एकाच तासाला गेल्या तर बेरीज कुणाची आणि वजाबाकी कुणातून? एकाच दिवशी जन्मलेल्या, एकाच साच्यातल्या प्रती खऱ्या अर्थाने वेगळ्या प्रती नसतात. म्हणून जाणते लोक वेगवेगळ्या खेपांतल्या डिस्क मिसळतात आणि एक प्रत दुसऱ्या गावी ठेवतात. लायगोच्या संकेताच्या प्रतीही वेधशाळेत, कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकच्या भांडारात आणि जगभरच्या केंद्रांवर असतात. पुण्यात आयुकाचा 'सारथी' हा संगणकसमूह याच कामाला जुंपलेला आहे.

प्रती दूर ठेवण्याचे मोल औंढ्याच्या परिसराला नव्याने सांगायला नको. नरसीच्या नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. १६०४ साली त्या ग्रंथाची पहिली सिद्ध प्रत तयार झाली. महाराष्ट्रातल्या गाथांचे पाठ बदलत गेले, प्रक्षेप झाले. शेकडो मैलांवर, दुसऱ्या लिपीत आणि दुसऱ्या परंपरेत जपलेली ती पदे मात्र स्वतंत्र साक्ष म्हणून उभी राहिली.

दूर नेण्याचीही कहाणी असते. १० एप्रिल २०१९ रोजी जगाने कृष्णविवराच्या सावलीची पहिली प्रतिमा पाहिली. त्यासाठी २०१७ च्या एप्रिलमध्ये सहा ठिकाणच्या आठ दुर्बिणींनी जमवलेला संकेत इंटरनेटवरून पाठवणे शक्यच नव्हते. आठ-आठ डिस्कचे ट्रे नोंदयंत्रांत बसवायचे, भरले की काढायचे, दुसरे बसवायचे आणि भरलेले विमानाने न्यायचे, असे ते काम झाले. उंच डोंगरावरच्या विरळ हवेत साध्या हार्ड डिस्क नीट चालत नाहीत, म्हणून हेलियम भरून बंद केलेल्या डिस्क वापरल्या. दक्षिण ध्रुवावरच्या ट्रेंना तिथला हिवाळा संपून विमान उतरेपर्यंत महिनोनमहिने वाट पाहावी लागली. विज्ञानातली एवढी मोठी घटना शेवटी कुणीतरी ट्रे ओढला, त्यावर चिठ्ठी चिकटवली आणि पेटीत ठेवला, या कृतींवर उभी होती.

रुमाल आणि ट्रे

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. कागदांची चळत कापडात बांधलेली, वर क्रमांक. एक रुमाल सोडला तरी बाकीचे दप्तर जागचे हलत नाही. अभ्यासक एक घेतो, परत करतो, दुसरा मागतो. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातून निवडलेले ४५ खंड प्रसिद्ध केले, ते या मांडणीच्या जोरावर. याउलट वि. का. राजवाड्यांना १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापताना गावोगाव हिंडावे लागले, कारण तिथली दप्तरे माळ्यावर, वाळवीत आणि पावसात पडलेली होती. कागद दोन्हीकडे होते. फरक मांडणीचा, क्रमांकाचा आणि जबाबदार हाताचा होता.

आजचे माळे दिसत नाहीत इतकेच. तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत, शाळेत, वाचनालयात, छोट्या वृत्तपत्राच्या कचेरीत वीस-पंचवीस वर्षांचे फोटो, निकाल, अंक डिस्कवर पडून आहेत. तो आपल्या काळाचा गावपातळीवरचा इतिहास आहे आणि बहुतेक ठिकाणी त्याची एकच प्रत आहे. डेस्कटॉपला पिंजरा बसवला की निम्मे काम होते. चालू काम एसएसडीवर करायचे, आठवड्याला एक प्रत दुसऱ्या ट्रेवर घ्यायची, एक प्रत साध्या हार्ड डिस्कवर दुसऱ्या घरी ठेवायची आणि वर्षातून एकदा सगळ्या प्रती जोडून उघडून पाहायच्या. उरलेले निम्मे काम मार्कर पेनने होते. ट्रेवर क्रमांक, तारीख आणि आत काय आहे ते लिहायचे. वेबर यांच्या टेपची गोष्ट आठवली तर चिठ्ठीचा कंटाळा येणार नाही.

हॉट-स्वॅपने यंत्र चालू राहते, स्मृती जपली जात नाही, हा भेद या साठ वर्षांच्या इतिहासातून घ्यायचा. टँडमचा संगणक, बर्कलेचे गणित आणि साटाच्या पिना यांनी थांबण्याची गरज घालवली. काय ठेवायचे, किती प्रती करायच्या, त्या कुठे ठेवायच्या आणि त्यांवर काय लिहायचे, हे माणसावरच राहिले.

औंढ्याच्या देवळाविषयी एक आख्यायिका सांगतात. नामदेव देवापुढे कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना हटकले तेव्हा ते देवळाच्या मागच्या बाजूला गेले आणि तिथे कीर्तन चालू ठेवले. मग देऊळच फिरले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. भाविक ती देवाची कृपा मानतात. त्या कथेत जागा बदलली, दिशा बदलली, कीर्तन तेवढे खंडले नाही. दुधाळ्याच्या माळावरची वेधशाळा चालू झाली की तिथेही कधीतरी मध्यरात्री एखादी डिस्क जाईल. तांबडा दिवा लागेल, पाळीवरचा तंत्रज्ञ ट्रे ओढेल, दुसरा सरकवेल आणि नोंदवहीत वेळ लिहील. त्या रात्री आकाशातून बहुधा काहीच आलेले नसेल. तरीही ती रात्र लिहून ठेवली जाईल, आणि पुढच्या एखाद्या पंचमांश सेकंदाचा खरेखोटेपणा तपासताना कुणीतरी ती काढून पाहील.